बी घरचे, बी विकतचे

संकरित वाणाचे पहिले पीक डोळ्यांत भरते. त्याचेच बी राखून पुढच्या वर्षी पेरले, तर पदरी निराशा येते. असे का होते? आणि नाचणीच्या बाबतीत असे का होत नाही? बंगळूरजवळच्या आनेकल तालुक्यात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शेजारशेजारच्या वाफ्यांत सापडतात.

बंगळूरहून होसूरच्या रस्त्याने निघाले, की इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारती मागे पडतात. पुढे हेब्बगोडी, बोम्मसंद्र अशी कारखान्यांची गावे लागतात. चंदापूरच्या चौकात उजवीकडे वळले, की रस्ता आनेकलला जातो. बंगळूरपासून हे अंतर अवघे पस्तीस किलोमीटर. कन्नडमध्ये ‘आनेकल्लु’ म्हणजे गार. गारांच्या नावाचे हे गाव तमिळनाडूच्या सीमेला खेटून आहे. नोकरीनिमित्त या पट्ट्यात राहायला आलेल्या मराठी कुटुंबांना आनेकल माहीत असते ते बहुधा रेशमी साड्यांच्या मागांसाठी, नाहीतर नव्या ‘लेआउट’च्या पाट्यांसाठी. पण इथली तांबडी माती पिढ्यान्‌पिढ्या ओळखते ते नाचणीला. कानडी माणसाची ही ‘रागी’.

पावसावर येणारी नाचणी जुलै-ऑगस्टमध्ये पेरायची, दिवाळीनंतर कापायची. पाच-सहा ओळींनंतर एक ओळ वालाची किंवा तुरीची. मळणी झाली, की घरापुरते धान्य कणगीत आणि त्यातलेच निवडक दाणे पुढच्या वर्षाच्या पेरणीसाठी बाजूला. नाचणीला कीड सहसा लागत नाही. पूर्वी म्हैसूर मुलखात ती जमिनीखालच्या पेवात वर्षानुवर्षे ठेवत आणि दुष्काळात बाहेर काढत.

याच शेतकऱ्याची विहिरीखालची पाव-अर्धा एकर जमीन मात्र टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी अशा भाज्यांसाठी असते. तिथे घरचे बी चालत नाही. दर हंगामाला दुकानातून दहा ग्रॅमचे चकचकीत पाकीट आणायचे आणि त्यातल्या एकेका दाण्याची रोपवाटिकेत बाळासारखी निगा राखायची. पाकिटावर शब्द असतो ‘हायब्रीड’, म्हणजे संकरित.

एक बी कणगीतले, दुसरे पाकिटातले. एक राखता येते, दुसरे राखून उपयोग नाही. हा फरक कंपनीच्या चलाखीमुळे पडला, असे पुष्कळांना वाटते. त्याचे मूळ मात्र वनस्पतीच्या वंशपरंपरेतच आहे.

दोन दुबळ्यांचे सशक्त मूल

दोन वेगळ्या वाणांचा संकर केला, की त्यांची पहिली पिढी पुष्कळदा आईबापांपेक्षा उंच, काटक आणि भरघोस निघते. शास्त्राच्या पुस्तकांत याला ‘संकरज ओज’ म्हणतात. शेतकरी नुसता ‘जोम’ म्हणतो आणि तो शब्द अधिक नेमका वाटतो.

हा जोम माणसाने फार पूर्वी पाहिला होता. घोडी आणि गाढव यांच्यापासून झालेले खेचर ओझ्याला दोघांपेक्षा चिवट असते, हे सैन्याला आणि व्यापाऱ्यांना माहीत होते. वनस्पतींत त्याचा पद्धतशीर अभ्यास केला तो चार्ल्स डार्विनने. एकाच झाडाच्या परागाने धरलेले बी आणि दुसऱ्या झाडाच्या परागाने धरलेले बी त्याने जोडीजोडीने वाढवले, मोजले, तोलले. अकरा वर्षे हा उद्योग चालला. १८७६ साली त्याने निष्कर्ष छापले. परक्या परागाचे बी बहुतेक वेळा सरस ठरले होते. पण असे का, हे त्याला सांगता आले नाही. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा विस्मृतीत पडलेले होते.

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. जॉर्ज शल हा शास्त्रज्ञ मक्यावर काम करत होता. मका हे मोकळ्या परागीकरणाचे पीक. तुरा डोक्यावर, कणीस कमरेला, आणि वारा एका ताटाचा पराग दुसऱ्या ताटावर नेऊन टाकणार. शलने वारा अडवला. पिशव्या बांधून त्याने प्रत्येक ताटाला स्वतःच्याच परागाने बी धरायला लावले. पिढ्यामागून पिढ्या असे केल्यावर ताटे खुजी झाली, कणसे आखडली. मग त्याने अशा दोन वेगळ्या खुरटलेल्या वाणांचा एकमेकांशी संकर केला. त्यातून उगवलेला मका दोघांपेक्षा कितीतरी उंच तर होताच, पण ज्या मूळ मक्यापासून हे वाण निघाले, त्यालाही तो मागे टाकू शकत होता. १९०८ साली शलने हे जगापुढे मांडले आणि १९१४ साली या जोमाला ‘हेटेरोसिस’ हे नाव दिले.

हे घडते कसे? प्रत्येक रोपाला प्रत्येक गुणाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एखादी प्रत सदोष असली, तरी दुसरी चांगली असेल तर काम निभावते. सतत स्वतःच्याच परागाने बी धरत गेले, की दोन्ही प्रती सारख्या होत जातात. मग काही ठिकाणी दोन्ही चांगल्या, तर काही ठिकाणी दोन्ही सदोष. ते दोष मग उघडे पडतात. दोन वेगळ्या घराण्यांची गाठ घातली, की एकाचे उणे दुसरा भरून काढतो. जोमाचे एक मोठे कारण हे. काही शास्त्रज्ञांच्या मते, काही गुणांच्या बाबतीत दोन वेगळ्या प्रती एकत्र असणे हेच मुळात फायद्याचे ठरते. यातला कोणता वाटा किती, यावर शंभर वर्षांनंतरही अभ्यास चालू आहे.

अमेरिकन शेतकऱ्याने शास्त्रज्ञांच्या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही. आयोवा राज्यात १९३५ साली मक्याच्या जेमतेम दहा टक्के क्षेत्रावर संकरित बियाणे होते. चार वर्षांत ते नव्वद टक्क्यांवर गेले.

दुसऱ्या पिढीत बिघडते कुठे?

आता पाकिटातल्या टोमॅटोकडे येऊ. पहिल्या पिढीत शेतातले प्रत्येक रोप सारखे असते, कारण प्रत्येकाला एक प्रत ठरावीक आईची आणि एक ठरावीक बापाची मिळालेली असते. फळे एका मापाची आणि एकाच सुमाराला पिकणारी. व्यापाऱ्याला क्रेट भरायला हेच हवे असते.

या फळांतले बी राखले तर? टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळ धरते. त्यामुळे पुढच्या पिढीत पत्ते पुन्हा पिसले जातात. कुणाला दोन्ही प्रती आजीच्या, कुणाला दोन्ही आजोबांच्या, कुणाला एकेक. वेगळ्या प्रतींच्या जोड्या सरासरीने निम्म्यावर येतात आणि जोमही साधारण त्याच प्रमाणात ओसरतो. त्यापुढच्या पिढीत निम्म्याचे निम्मे. शेतात एक रोप हातभर तर दुसरे कमरेइतके, एकाची फळे लिंबाएवढी तर दुसऱ्याची मोठी पण फुटणारी. रोगाला तोंड देण्याची ताकदही अशीच विखुरते. बी उगवत नाही असे नाही. उगवते, पण काय उगवेल याची हमी नसते.

म्हणून संकरित बियाणे दर वर्षी नव्याने, त्याच आईबापांपासून तयार करावे लागते. ते आईबाप बियाणे तयार करणाऱ्याच्या हातात असतात. जोमाची किंमत म्हणजे हे दर वर्षीचे पाकीट.

आनेकलच्या रेशीम उत्पादकाला हा हिशेब नवा नाही. रेशीमकिड्यांतही संकराचा जोम असतो. जपानमध्ये तोयामा या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच ते दाखवले होते. कर्नाटकात देशी ‘म्हैसूर’ जातीचा परदेशी वंशाच्या जातींशी संकर करून अंडीपुंज बनवतात. शेतकरी घरच्या कोषांतून अंडी धरत नाही. दर खेपेला नवे अंडीपुंज आणतो. तुतीची बाग त्याची, मेहनत त्याची, पण किड्याचा वंश केंद्रातून येतो.

फुलापाशी बसलेले हात

टोमॅटोचे संकरित बी कसे तयार होते, हे पाहिले म्हणजे पाकिटाच्या किमतीचे कोडे बऱ्याच अंशी सुटते. टोमॅटोच्या फुलात मधोमध पुंकेसरांची पिवळी नळी असते आणि तिच्या आत स्त्रीकेसर. फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी चिमट्याने ती पिवळी नळी अलगद काढून टाकायची, म्हणजे आपलाच पराग आपल्याला लागायला नको. दुसऱ्या दिवशी नर वाणाच्या फुलांचा जमवलेला पराग त्या उघड्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचा. हे फूल हाताळलेले आहे हे ओळखू यावे म्हणून त्याच्या हिरव्या पाकळ्यांचे टोक कापून ठेवायचे. असे एक-एक फूल, शेकडो-हजारो वेळा. हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात. कर्नाटकात राणेबेन्नूर परिसरात आणि महाराष्ट्रात जालना व बुलडाणा जिल्ह्यांत, विशेषतः देऊळगावराजाच्या बाजूला, जाळीच्या शेडमध्ये असे बीजोत्पादन चालते.

देशात भाज्यांच्या संकरित बियाण्याचा व्यापार उभा राहिला, त्याचे एक महत्त्वाचे केंद्र बंगळूर होते. मनमोहन अट्टावर यांनी १९६५ साली इथे इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्स ही कंपनी सुरू केली. १९७३ साली तिने ‘कर्नाटक’ नावाचा संकरित टोमॅटो आणि ‘भारत’ नावाची संकरित ढोबळी मिरची बाजारात आणली. सरकारी संशोधनही मागे राहिले नाही. शहराच्या उत्तरेला हेसरघट्टा इथे भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. तिथला ‘अर्क रक्षक’ हा संकरित टोमॅटो पर्णगुच्छ, मर आणि करपा या तीन रोगांशी एकाच वेळी झुंजतो. अशा वाणाने फवारण्या वाचल्या, की महाग पाकीटही स्वस्त ठरते. संकराचा फायदा केवळ वजनाच्या काट्यावर मोजता येत नाही.

मराठी घरातला ‘हायब्रीड’

महाराष्ट्रात ‘हायब्रीड’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो ज्वारीमुळे. ज्वारीच्या कणसात हजारो बारीक फुले. चिमटा घेऊन बसणे तिथे अशक्य. पण अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांना १९५४ च्या सुमारास ज्वारीत नर वंध्यत्व सापडले, म्हणजे ज्या ताटाचा स्वतःचा पराग निकामी आहे असे वाण. अशा वाणाच्या ओळींशेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी पेरल्या, की उरलेले काम वारा करतो. या युक्तीवर भारतात १९६४ साली ‘सीएसएच-१’ ही पहिली संकरित ज्वारी आली, तर १९६५ साली संकरित बाजरी.

तो काळ अन्नटंचाईचा होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने संकरित ज्वारीचा जोरात प्रसार केला. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको कंपनी स्थापन केली आणि बीजोत्पादनाचे काम आसपासच्या शेतकऱ्यांच्या शेतात नेले. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिकडे कापसात सुरतला सी. टी. पटेल यांनी १९७० साली ‘एच-४’ हा संकरित वाण काढला. १९७२ साली धारवाडच्या केंद्रातून कटारकी यांनी दोन वेगळ्या जातींच्या कापसांचा संकर करून ‘वरलक्ष्मी’ दिली. कापसाचे फूल मोठे असल्यामुळे तिथे हातानेच संकर परवडला.

ज्वारीने पोटे भरली, पण नावे ठेवूनही घेतली. बुटकी, लवकर येणारी संकरित ज्वारी ऐन पावसात तयार होई. कणसे भिजत, दाणा काळा पडे. भाकरीला चव नाही, कडबा कमी, अशी तक्रार घरोघरी ऐकू येई. पुढे तर अशक्त माणसाला ‘हायब्रीड’ म्हणण्याची पद्धतच पडली. गंमत अशी, की जो शब्द मुळात जोमासाठी, तो मराठीत दुबळेपणासाठी रूढ झाला!

यात खरे किती? बेचवपणा संकरामुळे येत नाही. आईबाप निवडताना निवडणाऱ्याने काय पाहिले, त्यावर चव ठरते. टोमॅटोची जाड साल ट्रकचा प्रवास सोसण्यासाठी निवडलेली असते. आंबटगोड चवीसाठी निवड केली, तर संकरित टोमॅटोही चवदार होतो. आणखी एक गैरसमज जाता जाता दूर करायला हवा. संकरित वाण म्हणजे जनुक बदललेला वाण नव्हे. २००२ साली आलेले बीटी कापसाचे वाण संकरितही होते आणि त्यांत बाहेरचे जनुकही होते, म्हणून दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली. टोमॅटोच्या फुलाला पराग लावण्यात असे काही नसते.

ज्वारीची गोष्ट इथे संपत नाही. खरिपाची ज्वारी संकरित झाली, पण सोलापूर-मराठवाड्याकडची रब्बी ज्वारी मात्र मालदांडीच राहिली. मोहोळच्या केंद्रात देशी ज्वारीतून निवडलेला हा वाण. ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या रानात तो नेटाने येतो, त्याचा कडबा गुरे आवडीने खातात आणि त्याच्या भाकरीबद्दल तर बोलायलाच नको. आणि त्याचे बी घरी राखता येते.

नाचणीने धरलेली वेगळी वाट

मग ज्वारी, बाजरी, मका, टोमॅटो यांच्यासारखे नाचणीचे संकरित बी दुकानात का मिळत नाही? उत्तर तिच्या फुलात आहे. नाचणीचे फूल डोळ्यांना धड दिसत नाही इतके बारीक. ते पहाट होण्याआधी उमलते आणि उमलता उमलता स्वतःच्याच परागाने फळते. परक्या परागाला जवळजवळ वावच नाही. हाताने संकर केला, तर एका फुलातून मिळणार एक दाणा. टोमॅटोच्या एका फुलामागे शंभरावर बिया मिळतात आणि एकराला पन्नास-साठ ग्रॅम बी पुरते. नाचणीचे एकरी चार-पाच किलो बी लागते आणि एका किलोत दाणे असतात सुमारे साडेतीन लाख! दाण्यागणिक चिमटा चालवून हे बी कोण बनवणार आणि कोण विकत घेणार?

दुकानातल्या बियाण्यासाठी संकर शक्य नसला, तरी प्रयोगशाळेत तो करता येतो. हे काम ज्यांनी आयुष्यभर केले, ते सी. एच. लक्ष्मणय्या. १९२१ साली जन्मलेल्या या शास्त्रज्ञाची कर्मभूमी म्हणजे मंड्याजवळचे विश्वेश्वरय्या कालवा फार्म, ज्याला सगळे ‘व्ही. सी. फार्म’ म्हणतात. कर्नाटकात आजही त्यांना ‘रागी लक्ष्मणय्या’ या नावाने ओळखतात.

त्या काळी नाचणी हे कोरडवाहू, गरिबाचे पीक मानले जाई. संशोधनाचा ओघ भात-गव्हाकडे होता. लक्ष्मणय्यांनी आधी देशी वाणांचे आपसांत संकर करून पूर्णा, अन्नपूर्णा, कावेरी असे वाण काढले. मग त्यांनी दूरची नजर टाकली. नाचणीचे मूळ घर पूर्व आफ्रिकेतले, इथिओपिया-युगांडाच्या उंचवट्यावरचे. काही हजार वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून भारतात आली आणि इथलीच झाली. मागे राहिलेले तिचे भाऊबंद तिकडे वेगळ्या हवेत वाढत राहिले. आफ्रिकी नाचणीची ताटे दणकट, कणसे भरदार आणि करपा रोगाला दाद न देणारी, पण तयार व्हायला फार वेळ घेणारी. भारतीय नाचणी लवकर येणारी, पण नाजूक. इतका काळ दुरावलेल्या या दोन घराण्यांची त्यांनी गाठ घालून दिली. त्यातून जे वाण निघाले त्यांना नाव मिळाले ‘इंडाफ’, म्हणजे ‘इंडियन’ आणि ‘आफ्रिकन’ यांची आद्याक्षरे.

आता खरी मेख पाहा. टोमॅटो लावणाऱ्याला जी दुसरी पिढी नकोशी होते, तीच नाचणीच्या पैदासकाराला हवी असते. पत्ते पिसले गेले, की हजारो वेगवेगळी ताटे उभी राहतात. त्यांतली बहुतेक टाकाऊ असतात. पण एखाद्या ताटात आफ्रिकेची ताकद आणि भारताची लवकर पिकण्याची सवय एकत्र आलेली असते. ते ताट हेरायचे, त्याचे बी वेगळे पेरायचे, त्यातून पुन्हा निवडायचे. सहा-सात पिढ्या हे केले, की दोन्ही प्रती सारख्या होतात आणि वाण स्थिर होतो. पहिल्या पिढीचा तो झगझगीत जोम यात काही अंशी हातचा जातो. पण जे उरते ते टिकाऊ असते. शेतकऱ्याने ते एकदा नेले, की पुढची काही वर्षे घरचेच बी पेरता येते.

इंडाफ वाण १९७० च्या दशकात कर्नाटकभर पसरले. त्यांच्या वंशातूनच पुढे बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने ‘जीपीयू-२८’ हा करप्याला तोंड देणारा वाण १९९० च्या दशकात दिला. त्याच्या वंशावळीत ‘इंडाफ-५’ आणि ‘इंडाफ-९’ दोघेही आहेत. आज देशातल्या नाचणीचे निम्म्याहून अधिक उत्पादन एकट्या कर्नाटकात होते. सोळाव्या शतकात कनकदासांनी ‘रामधान्य चरित्रे’ या काव्यात भात आणि नाचणी यांचे भांडण रामाच्या दरबारात नेले आणि निकाल नाचणीच्या बाजूने दिला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले, तेव्हा शहरातल्या दुकानांनीही तोच निकाल मान्य केला. फक्त भाव चढा लावला!

एकाच आईची लेकरे

संकरित वाण नको आणि घरचे बी हवे, असा सरळ निष्कर्ष यातून निघत नाही. टोमॅटोच्या बाजारात घरच्या बियाण्याची विखुरलेली फळे घेऊन गेलेला शेतकरी तोट्यातच जाईल. भाजी आज शहराला बाराही महिने मिळते, त्यात संकरित बियाण्याचा मोठा वाटा आहे.

पण जोमाच्या भरात एक धोका नजरेआड होतो. १९६० च्या दशकातल्या संकरित बाजरीच्या सगळ्या वाणांची आई एकच होती, अमेरिकेतून आलेला ‘टिफ्ट २३-ए’ हा नर वंध्य वाण. १९७०-७१ साली देशात बाजरीचे विक्रमी ८० लाख टन उत्पादन झाले. पुढच्याच काही हंगामांत केवडा रोगाने या वाणांना गाठले. आई एक असल्यामुळे सगळी लेकरे एकाच दुखण्याला बळी पडली. वेगळ्या आया शोधल्यावरच संकरित बाजरी पुन्हा सावरली. अमेरिकेतही १९७० साली असेच झाले. तिथल्या बहुतेक संकरित मक्याची नर वंध्य आई एकाच कुळातली होती. करप्याच्या एका नव्या प्रकाराने देशाचे सुमारे १५ टक्के पीक खाल्ले.

संकर करायला दोन वेगळी घराणी लागतात. सगळीकडे एकच वाण झाला, तर उद्या संकर करायला वेगळेपण आणायचे कुठून? लक्ष्मणय्यांना आफ्रिकी नाचणी मिळाली, कारण तिकडच्या शेतकऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पेरत ठेवली होती. उद्याच्या जोमाचे भांडवल कुणाच्या तरी कणगीतच असते.

घरच्या बागेत काय करावे?

गच्चीवर किंवा परसात भाजी लावणाऱ्यांनाही हे जाणून घेण्यासारखे आहे. पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिले असेल, तर त्या झाडाचे बी पुढच्या वर्षासाठी राखण्यात अर्थ नाही. बाजारातल्या टोमॅटोच्या बिया कुंडीत टाकल्या, तर रोपे येतील, पण एकासारखे एक येणार नाही. बी राखायचे असेल, तर ‘सुधारित’ किंवा देशी वाणाचे घ्यावे. वाल, चवळी, घेवडा, टोमॅटो ही स्वतःच्या परागाने फळणारी पिके. त्यांचे बी राखणे सोपे. भोपळा, काकडी, दोडका यांत मधमाश्या शेजारच्या वेलाचा पराग आणतात, म्हणून एकाच प्रकारचे दोन वाण जवळ लावले, तर बी शुद्ध राहत नाही. बियाण्यासाठी पहिले निरोगी फळ वेलीवर पूर्ण पिकू द्यावे. बी सावलीत सुकवून, कोरड्या बरणीत, त्यावर नाव आणि वर्ष लिहून ठेवावे.

शेतकऱ्याचा हक्कही ठाऊक असावा. २००१ सालच्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याची, पेरण्याची, दुसऱ्याला देण्याची आणि विकण्याचीही मुभा दिली आहे. संरक्षित वाणाचे बी कंपनीच्या नावाने पिशवीत भरून विकता येत नाही, एवढेच बंधन. संकरित वाणाच्या बाबतीत मात्र हा हक्क असून नसल्यासारखा, कारण कायद्याने दिलेली मुभा निसर्ग पाळत नाही.

२०२५ साली बंगळूरची मेट्रो बोम्मसंद्रपर्यंत आली. आनेकल तालुक्यातल्या जमिनीचे भाव पीक पाहून ठरण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. नाचणीच्या शेतात प्लॉटचे दगड रोवले गेले, की टोमॅटो लावणारा शेतकरी पाकीट घेऊन दुसरीकडे खंडाने जमीन करू शकतो; त्याचे बी दुकानात असते. कणगीतल्या बियाण्याचे तसे नाही. ते दर एक-दोन वर्षांनी मातीत जावे लागते, नाहीतर त्याची उगवण कमी होत जाते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्था नाचणीच्या वाणांचे नमुने शीतगृहात जपतात, आणि ते जपायलाच हवेत. पण शीतगृहातले बी बदलत्या पावसाशी, नव्या रोगाशी जुळवून घ्यायला शिकत नाही. ते शिक्षण शेतात होते. पुढच्या लक्ष्मणय्याला संकरासाठी वेगळे घराणे हवे असेल, तेव्हा ते कुठल्यातरी शेतात उभे असावे लागेल. आनेकलच्या तांबड्या रानात जोवर कुणी दिवाळीनंतर चार चांगली कणसे निवडून बाजूला ठेवते आहे, तोवर ती सोय आहे.